दहावी कवळी

चर्चमधली उपासना संपल्यावर पायऱ्या उतरताना नव्या खजिनदाराने माझा दशमांशाचा लिफाफा मला परत दिला. माझ्या एका हातात बाबांचं कोपर, दुसऱ्यात छत्री आणि दोघांची गीतपुस्तकं, म्हणून त्याने तो स्वतःच माझ्या पिशवीत सरकवला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, यात पैसे नाहीत. नुसती चिठ्ठी आहे." बाबांचे डोळे गेलेत, कान नाही. मी त्यांना जवळजवळ ओढतच एक पायरी खाली नेलं. कोण होतं गं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कोणी नाही, ही छत्री तुमचीच का म्हणून विचारत होता. सुचेल ते बोलले झालं. त्यांना फाटकाजवळच्या बाकावर बसवून मी परत वर गेले. खजिनदार तिथेच उभा, कानाच्या पाळ्या लाल. तसा सरळ मुलगा आहे बिचारा. दोन महिन्यांपूर्वी जुने खजिनदारकाका वारले आणि हे लोढणं त्याच्या गळ्यात पडलं. तो म्हणाला, तुमच्या मागच्या चिठ्ठ्याही मी पाहिल्या, काकांनी सगळ्या जपून ठेवल्यात, मला काही कळेना म्हणून पाळकसाहेबांना विचारलं. साहेबांचं म्हणणं असं की दानधर्म उत्तमच, पण तो दशमांशात धरता येत नाही. कमाईचा दहावा भाग मंडळीत यायचा, आणि दान करायचं ते उरलेल्या नऊ भागांतून. मंगळवारी चार वाजता ते स्वतः घरी येणार आहेत, मला नीट समजावून सांगायला. बाबांशीही बोलतील, बाबा इतकी वर्षं मंडळीचे पंच होते, त्यांच्याइतकं हे कोणाला कळणार. मी म्हटलं, या की. आणखी काय म्हणणार? आणि मी बावळटासारखी हसत होते.

चिठ्ठीचं सांगायला हवं. मी कवळ्या करते. दातांचे डॉक्टर हिरड्यांची मापं घेऊन आमच्या लॅबला पाठवतात. आम्ही त्यावरून प्लॅस्टरचा जबडा ओततो, मेणात दात बसवतो, मग मेण काढून त्या जागी गुलाबी मसाला भरतो, तो उकळत्या पाण्यात शिजवतो आणि घासून चकचकीत करतो. सत्तावीस वर्षं हेच. ज्यांच्या तोंडात माझं काम बसलंय त्यांची तोंडं मी पाहिलेली नाहीत. रस्त्यात कोणी म्हातारं माणूस खळखळून हसलं की मी मात्र निर्लज्जासारखी त्याच्या तोंडात बघत राहते, आपलं तर नव्हे? अकरा वर्षांपूर्वी मागच्या गल्लीतल्या वृद्धाश्रमात मंडळीतर्फे गेलो होतो, तेव्हा एक बाई पाव चहात बुडवत होती, बुडवत होती, तो पार विरघळला तेव्हा तिने नुसता चहा पिऊन टाकला. घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. माझा दहावा भाग पैशात कशाला हवा? नऊ कवळ्या पगाराच्या, दहावी ज्याला परवडत नाही त्याची. काम सुटल्यावर, माझ्या वेळात, माझ्या खर्चाने. खजिनदारकाकांना विचारलं तर त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला, मग म्हणाले, कोणाला दिलीस तेवढं लिहून टाक लिफाफ्यात. तेव्हापासून माझ्या लिफाफ्यात चिठ्ठी. एक कवळी, वरची-खालची, आश्रमातल्या शिवणकामवाल्या बाईंना. एक कवळी, नुसती वरची, निवृत्त पोस्टमनला. बाबांना हे सांगायचं राहून गेलं असं मी स्वतःला सांगत आले. पण अकरा वर्षं कुठलीही गोष्ट आपोआप राहून जात नाही, ती ठेवावी लागते.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी न्याहारी झाली की बाबा म्हणतात, आण. मी लिफाफा त्यांच्यापुढे ठेवते. ते आधी अंगठ्याने त्याच्या कडा चाचपतात, मग पूर्ण तळवा त्यावर ठेवून डोळे मिटतात. आंधळ्या माणसाने डोळे मिटलेले पाहून मला दर वेळी भरून येतं. ते चार शब्द पुटपुटतात, माझ्या मुलीच्या कष्टाचं आहे, घे, एवढंच. मग तोच हात माझ्या डोक्यावर. एकदा म्हणाले होते, पातळ लागतो गं. मी म्हटलं, मोठी नोट आहे बाबा. ते खुदकन हसले. धडधडीत खोटं असं तेवढंच एक, पण पुरेसं होतं. मला तुरुंगाची भीती नव्हती की मंडळीतून काढतील याची नव्हती. भीती वेगळीच होती, साहेब घरी येऊन बसतील, बाबांना वाटेल माझ्या मुलीचं कौतुक करायला आले, आणि साहेबांच्या तोंडून त्यांना कळेल की ते अकरा वर्षं एका चिठोऱ्यावर हात ठेवत होते. बाबा ओरडणार नाहीत. ते फक्त पुढच्या महिन्यात आण म्हणणार नाहीत. बावन्न वर्षांची घोडी झाले, लग्न नाही, पोर नाही, त्याचं काही वाटत नाही मला, पण तो हात गेला तर मी काय करू, हे मला खरंच माहीत नव्हतं. मंगळवारी चारच्या आत सांगायला हवं होतं. रविवारी दुपारी नाही सांगितलं, कारण ते झोपले. संध्याकाळी नाही, कारण साहेब मंगळवारी येणार एवढं ऐकूनच ते खुशीत होते. सबबींचा मला कधी तोटा पडलेला नाही.

लहानपणी आमच्याकडे मागच्या अंगणात कोंबड्या होत्या. बाबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, पगार बेताचा, पण दहावं अंडं पाळकांच्या घरी म्हणजे जाणारच. निवडायचं नाही, हा त्यांचा नियम. मोजत जायचं, दहावं येईल ते द्यायचं, मोठं आलं तर मोठं, बारकं तर बारकं. निवडायला लागलं की संपलं, म्हणायचे. टोपली घेऊन जायचं काम माझं. एकदा फाटकाची कडी काढताना ते दहावं अंडं टोपलीच्या दांड्यावर आपटलं. फुटलं नाही, केसाएवढी चीर गेली. घरी नऊ चांगली होती. मी परत जाऊन बदलून आणू शकले असते. त्याऐवजी मी ते चीर खाली येईल असं फिरवून ठेवलं, वर रुमाल टाकला आणि पाळकांच्या बायकोच्या हातात टोपली दिली. ती म्हणाली, शहाणी गं बाई. नंतर कितीतरी दिवस मी वाट बघत होते, आता कोणीतरी येईल, आता बाबा हाक मारतील. आठवड्याने आमची पिवळी कोंबडी मेली, तेव्हा मी इतकी रडले की आई म्हणाली, एवढा जीव होता का तुझा तिच्यावर? कोंबडीवर कसला जीव. बाबांना ते अंडं कधी कळलं नाही, आणि रविवारी दुपारी भांडी घासताना माझ्या हातातली कपबशी मी तीनदा फिरवून फिरवून पाहिली, कुठे चीर आहे का.

सोमवारी लॅबमध्ये मी दिवसभर पाळकसाहेबांशी भांडत होते. मनातल्या मनात. त्यात मी फार हुशार असते. मी म्हटलं, साहेब, तुमच्या छपराला दिलेला पैसा देवाला पोचतो आणि भुकेल्याच्या हिरडीवर बसवलेला दात पोचत नाही, असं कुठे लिहिलंय ते दाखवा. ते म्हणाले, ताई, छप्पर गळतं तेव्हा गायक मंडळींच्या डोक्यावर गळतं, आणि झाडूवाल्याचा पगार सगळ्यांनी चिठ्ठ्या टाकल्या तर कोण देणार? तेही खरंच होतं. साहेब वाईट माणूस नाहीत, तरुण आहेत, त्यांच्या कोटाची बाही विरलेली मी पाहिलीय. पण मी दमले नाही. मी म्हटलं, मग मी पैसे देते आणि तुम्ही त्यातून दात करून द्या आश्रमाला, म्हणजे मोजलं जाईल का? तिथे मी जिंकले. मालकीणबाईंनी दोनदा विचारलं, कोणाशी पुटपुटतेस? मी म्हटलं, गाणं म्हणतेय. हातातली नववी पूर्ण झाली, डबीत घालून चिठ्ठी लावली. सगळे गेले. मी आश्रमातल्या ड्रायव्हरचा जबडा पुढे ओढला, हा दहावा. तो आयुष्यभर ट्रक चालवून म्हातारा झालाय, बोलताना तोंडावर हात धरतो. मी मेण तापवायला ठेवलं, मनात अजून साहेबांवर मात केल्याचा आनंद होता, आणि माझा हात आपला आपण फळीवरच्या बिस्किटांच्या डब्याकडे गेला.

त्या डब्यात उरलेले दात असतात. दात सहा-सहाच्या पट्टीवर येतात, पुढचे सहा. कोणाची कवळी पडून त्यातला एखादा तुटला की नव्या पट्टीतला तेवढा एक काढायचा, बाकीचे पाच डब्यात. सत्तावीस वर्षांचे असे पाच-पाच, चार-चार. त्यांतून शोधून सहा जुळवता येतात. छटा जवळपास सारखी असते. मी डब्याचं झाकण उघडून उभी राहिले. मी हे कधीपासून करतेय? सुरुवातीला मी नवी पट्टी विकत घ्यायचे, पोस्टमनला तर सगळ्यात महागडी बसवली होती. मग बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, ते वाया गेलं, त्या महिन्यात म्हटलं एवढ्या वेळी डब्यातून घेऊ. मग एवढ्या वेळी पुन्हा झालं. म्हाताऱ्या माणसांना काय कळतंय, चावता आलं म्हणजे झालं. पगाराच्या नऊ कवळ्यांत मी असला दात एकदाही बसवला नाही, मालकीणबाईंनी हात तोडला असता. दहावीलाच. जी देवाची म्हणून लिहून देत होते तिलाच. दशमांश की दान, हा प्रश्न साहेबांचा होता, आणि मी त्याच्या आडोशाला आरामात उभी होते.

मी स्टुलावर बसून आठवायला लागले, कोणाकोणाला डब्यातले. चेहरे आठवेनात, जबडे आठवतात. शिवणकामवाल्या बाई, त्यांचा सुळा जरा निळसर. दोघी बहिणी. चौकीदार. अकरा झाले, आणि बारावा मी मोजत नव्हते. मला माहीत होतं तो आहे, मी त्याला वळसा घालून जात होते. सात वर्षांपूर्वीची चिठ्ठी. एक कवळी, वरची-खालची, एका वृद्ध गृहस्थांना. ते वृद्ध गृहस्थ माझ्या घरी राहतात आणि मला आण म्हणतात. त्या महिन्यात आश्रमातलं माप आलं नव्हतं, बाबांचे शेवटचे दात पडले होते, आणि मी दोन्ही कामं एकात उरकली. बापाला दात करून दिले आणि ते देवाला दिले असं लिहून टाकलं. वरून दातही डब्यातले. वरच्या डाव्या बाजूचा दुसरा दात बाकीच्यांपेक्षा गडद आहे, चहात ठेवल्यासारखा. मी तो सात वर्षं रोज न्याहारीला पाहते. बाबांना दिसत नाही. आणि बाबा, हे सगळ्यात वाईट, बाबा तो सगळ्यांना दाखवतात. उपासनेनंतर कोणी भेटलं की ओठ मागे ओढून दाखवतात, माझ्या मुलीने केलेत, खास माझ्यासाठी. लोक बघतात. लोकांची नजर त्या दातावर जाते, मग माझ्यावर येते, मग सगळे म्हणतात, वा. मी डब्याचं झाकण लावलं. तापवलेलं मेण तसंच थिजलं. ड्रायव्हरचा जबडा मी फडक्यात गुंडाळून ठेवला आणि घरी चालत गेले, बस सोडून.

मंगळवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. घरी आले तेव्हा तीन वाजून गेले होते आणि बाबा तयार. दाढी केलेली, गालावर एक केसांचा पट्टा राहून गेलेला, इस्त्रीचा शर्ट. विचारलं, बिस्किटं आहेत ना गं, साहेबांना गोड आवडतं. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि सांगायला लागले. वृद्धाश्रमातल्या बाईच्या पावापासून सांगितलं. लिफाफ्यात नोट नाही, चिठ्ठी असते, अकरा वर्षं. मोठी नोट आहे म्हटलं ते खोटं होतं. साहेब त्यासाठी येताहेत, त्यांचं म्हणणं दान दशमांशात धरत नाहीत. बाबा टेबलक्लॉथच्या शिवणीवरून नख फिरवत होते. ते पुढे मागे फिरत राहिलं. मग म्हणाले, खजिनदारकाकांना माहीत होतं? मी म्हटलं, हो, मीच तुम्हाला सांगू नका म्हटलं होतं. म्हणजे मी कागदावर प्रार्थना करत होतो, बाबा म्हणाले, आणि त्यांचा ओठ एका कोपऱ्यात हलला. मला कळलं, ते हसणार आहेत. ते मला सोडून देणार आहेत. कवळ्या ऐकून त्यांना बरंच वाटलं होतं, अभिमानसुद्धा, आणि साहेबांशी ते माझ्या बाजूने भांडले असते. मी इथे थांबले असते तर सगळं निभावलं असतं. घड्याळात पावणेचार झाले होते. ते अंडं माझ्यासमोर होतं, चीर खाली, आणि वर रुमाल टाकायचा तेवढा बाकी होता.

मी म्हटलं, अजून आहे. आणि बिस्किटांच्या डब्याचं सांगितलं. कसे दात उरतात, कसे जुळवते, नऊंना नवे आणि दहाव्याला डब्यातले. अर्ध्यावर बाबांचं नख थांबलं. मी बोलायची थांबले तेव्हा रस्त्यावरून कोणीतरी कुत्र्याला हाक मारत गेलं. बाबांनी तोंडात बोटं घालून वरची कवळी काढली, रुमालाने पुसली आणि टेबलावर आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली. दात काढले की त्यांचे ओठ आत जातात, ते एकदम कोणी परके म्हातारे दिसायला लागतात.

"हीसुद्धा?" त्यांनी विचारलं.

"हो."

"हिचीही चिठ्ठी टाकलीस?"

"हो, बाबा."

त्यांनी कवळी हातात घेतली आणि अंगठा दातांवरून फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, लिफाफ्याच्या कडा चाचपतात तसा. चाळीस वर्षं खिळे जुळवलेली बोटं, उलटं अक्षर त्यांना स्पर्शाने कळायचं. पण रंग कसा कळणार? "कुठला?" ते म्हणाले. मी त्यांचं बोट धरलं आणि त्या दातावर नेऊन ठेवलं. त्यांनी ते तिथेच ठेवलं, बराच वेळ.

दिसतो का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दिसतो. सगळ्यांना? सगळ्यांना. त्यांनी मान हलवली. त्यांना काय आठवत असेल ते मला कळत होतं, उपासनेनंतरचे ते सगळे रविवार, ओठ मागे ओढून. मला वाटलं, आता मला मारावं यांनी. यांनी मला आयुष्यात कधी बोट लावलं नाही, आता लावावं. तेवढ्यात बेल वाजली. मी उठले तसा त्यांनी हात वर केला, थांब.

"असे किती जण?"

"अकरा. त्यातले दोघं गेले."

"त्याच दातांनी?"

"त्याच."

दातांशिवाय बाबांचे शब्द मऊ पडतात, पण मला एकेक अक्षर ऐकू आलं. "म्हणजे नऊ राहिले. त्यांना बोलव आणि नव्या करून दे. डब्यातल्या नाही."

"आणि तुमची?"

"मला दहावा धर."

मी पिशवीतून तो परत आलेला लिफाफा काढून त्यांच्यापुढे सरकवला. का, ते मलाही कळलं नाही. त्यांच्या बोटांना तो लागला. त्यांनी कडा चाचपल्या, आणि मग तो परत माझ्याकडे सारला. "आत्ता नाही. माझी झाली की आण," ते म्हणाले, "तेव्हा हात ठेवीन."

बेल पुन्हा वाजली. साहेबांना काय सांगू, मी विचारलं. त्यांचं मी बघतो, बाबा म्हणाले, तू चहा ठेव. मी दाराशी पोचेपर्यंत त्यांनी कवळी तोंडात बसवून ओठ पुसले होते. साहेब आत आले, विरलेल्या बाहीने कपाळाचा घाम पुसत, आणि बाबा त्यांच्याकडे तोंड करून हसले, नेहमी हसतात त्यापेक्षा जास्त, ओठ मागे ओढून. तो दात अगदी समोर होता. साहेबांची नजर त्यावर गेली, मग माझ्यावर आली. या वेळी बाबांना ते माहीत होतं.

मी स्वयंपाकघरात आले. बाहेर साहेबांनी दशमांशाचा विषय काढला होता, बाबा ऐकून घेत होते, मधेच म्हणाले, छप्पर गळतंय ते मात्र खरं हो. ते मोजलं जातं की नाही, हे मला अजूनही माहीत नव्हतं आणि ते दोघं ठरवतील असंही वाटत नव्हतं. मी बोटांवर दुसरंच काही मोजत होते. एका कवळीला माझ्या संध्याकाळी धरून तीन आठवडे. नऊ कवळ्या, आणि त्याआधी तो ड्रायव्हर, फडक्यात गुंडाळलेला. मग बाबा. बाबा शहाऐंशी वर्षांचे आहेत. गेल्या हिवाळ्यात त्यांना दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं. मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं, रविवारही धरले, चहाचं पाणी उकळून निम्मं झालं तरी माझा हिशोब जुळेना.